शब्दचर्चा: 'ऑफेन्सिव्ह टॅटू'ला मराठीत काय म्हणायचं?

रावपुरेकर:
सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या बडोद्यातल्या मुलांसाठी मराठीत पत्रक करतोय. मुलं गुजराती माध्यमातली, पण घरी आई-आजीला मराठीच वाचायला बरी वाटते. जागेचा नियम सोपा आहे: कायमचा टॅटू कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत किंवा हाताच्या पालथ्या बाजूला असेल तरच चालतो. अडलंय पुढे. कुणाच्या धर्माला लागेल असं चित्र किंवा मजकूर अंगावर काढून घेऊ नका, हेही त्यांना सांगायचंय. 'ऑफेन्सिव्ह'ला मोबाइलने 'आक्रमक' दिलं. लष्कराच्या कागदावर 'आक्रमक टॅटू' छापलं तर वाचणाऱ्याला वाघ आणि तलवारच दिसणार! मी 'आक्षेपार्ह गोंदण' लिहिलं, तर आमच्या पुण्याच्या मास्तरांनी दोन्ही शब्द खोडले. काय ठेवू?

सुलतानपुऱ्याची लेक:
मास्तरांचं 'गोंदणा'पुरतं बरोबर आहे. माझ्या आजीच्या हातावर तुळशीवृंदावन होतं, बाजूला चार ठिपके. कातडी सैल पडली तशा रेघा पसरून हिरवट झाल्या होत्या. ते गोंदण. दुकानात मशीनने काढून घेतात तो टॅटू. आजीच्या हाताला 'आक्षेपार्ह' चिकटवलेलं मला नाही आवडलं.

शब्दवेडा:
ताई, घरचा शब्द असताना परका का घ्यायचा? आपण बडोद्याचे आहोत. राज्यकारभारातल्या शब्दांसाठी सयाजीराव महाराजांनी आठ भाषांचा 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' करून घेतला, तो १९३१ सालचा. त्या गावात आपण 'टॅटू' लिहायचं? मशीन आलं म्हणून क्रिया बदलत नाही. सुईने टोचून कातडीत रंग भरणं म्हणजे गोंदणंच.

फतेगंज:
इथे शुद्धतेचा हट्ट मुलांना महागात पडेल. भरतीच्या नियमात आदिवासी उमेदवारांना सवलत आहे. जमातीच्या रूढीप्रमाणे चेहऱ्यावर किंवा अंगावर गोंदलेलं असेल तर त्याचा वेगळा विचार होतो. म्हणजे रूढीचं वेगळं आणि हौसेचं वेगळं, असा फरक नियमच करतो. दोन्हींना 'गोंदण' म्हटलंत तर एखादी आई समजेल की आपल्याकडे गोंदायची रीत आहेच, मग पोराच्या दंडावरचंही चालेल. तो मेडिकलला बाद होईल. रूढीचं ते गोंदण, हौसेचा तो टॅटू, असंच लिहा.

निवृत्त सुभेदार:
नोकरीतली काही वर्षं इथल्याच ई.एम.ई. स्कूलमध्ये, म्हणजे लष्कराच्या तांत्रिक शिक्षणाच्या शाळेत काढली, म्हणून लिहितो. धर्माचं चिन्हच नको असा पुष्कळांचा समज असतो, तो चुकीचा आहे. बी.एस.एफ., सी.आर.पी.एफ.सारख्या दलांच्या भरतीच्या नियमात लिहिलेलंच आहे की देश धर्मनिरपेक्ष आहे, लोकांच्या धार्मिक भावनांचा मान राखायचा, म्हणून धार्मिक चिन्ह, आकृती किंवा नाव चालेल. फक्त कोपराखाली असेल तर डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, कारण उजवा सलामीचा. आणि हाताच्या त्या भागाच्या पावपेक्षा लहान.
कॅम्पातलं दक्षिणामूर्ती मंदिर बडोदेकरांना सांगायला नको. १९६६ साली ब्रिगेडियर यूजीन यांनी उभारलं, ते स्वतः ख्रिस्ती. ॲल्युमिनियमच्या पत्र्याने मढवलेला घुमट मुसलमानी, वर कळस हिंदू, मनोरा चर्चचा, प्रवेशद्वार जैन पद्धतीचं. आमची पोरं तिथे एका रांगेत उभी राहायची आणि मग एकाच लंगरात जेवायची. स्वतःचा देव हातावर असण्याला कुणाचीच ना नव्हती. शेजारच्या खाटेवरच्या जवानाच्या देवाची थट्टा हातावर असेल तर मात्र ती पुसताही येत नाही. तो रोज बाही दुमडणार आणि हा रोज बघणार. सैन्यात ज्याच्या भरवशावर पुढे जायचं तोच मनातून तुटला तर काय उरलं? मी 'विटंबना करणारा टॅटू' लिहीन.

वकील बाई:
सुभेदारकाकांचा शब्द मला कायद्याच्या जवळचा वाटतो. १९५० च्या आर्मी ॲक्टमध्ये कलम ६४ आहे. त्यात जाणूनबुजून धर्माचा अपमान करणं आणि जाणूनबुजून कुणाच्या धार्मिक भावना दुखावणं, अशा दोन गोष्टी निरनिराळ्या सांगितल्या आहेत. अपमान करणाऱ्याच्या कृतीत असतो, दुखणं समोरच्याच्या मनात. 'आक्षेपार्ह'मध्ये दोन्ही येत नाहीत. आक्षेप तर कुणीही, कशावरही घेतो.

मांडवीकर:
आमच्या घरी सरळ म्हणतात, 'कुणाची लागणी दुभवू नकोस.' पत्रकात 'धार्मिक लागणी दुभवणारा टॅटू' लिहा, आजीला पटकन कळेल.

पुणेरी पाहुणा:
माफ करा, पण मराठीत लागण रोगाची होते आणि दुभते ती गाय. हे सरळ गुजराती आहे. 'भावना दुखावणे' असताना याची गरज नाही.

मांडवीकर:
गुजरातीतून आलं, मान्य. पण गायकवाडांबरोबर आलेल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या हेच बोलतात. आमची मराठी आम्ही पुण्याला विचारून बोलत नाही. पत्रक कोण वाचणार आहे ते बघा.

शब्दवेडा:
गुजरातीचा विषय निघालाच आहे तर, तिकडे टॅटूला छूंदणां म्हणतात. छूंदवुं म्हणजे ठेचणं, चेचणं. कैरीचा छुंदा त्यातलाच. आपला 'गोंद' मात्र डिंकाचा असावा. रंग चिकटून बसतो म्हणून.

फतेगंज:
डिंक कुठला? हिंदीत 'गोदना' म्हणजे टोचणं, भोसकणं. गुजरातीत 'गोदो मारवो' म्हणजे टोकाने ढोसणं. गोंदणंही त्यातलंच असणार. सुईशी नातं आहे, डिंकाशी नाही.

शब्दवेडा:
मग अनुस्वार कुठून आला? तो हिंदीत नाही. एवढं सोपं नाही ते.

सुलतानपुऱ्याची लेक:
रावपुरेकर, तुमचं 'हाताच्या पालथ्या बाजूला' मला खटकलं. आजी 'मळहात' म्हणायची. तळहाताची उलटी बाजू ती मळहात. पत्रकात तो शब्द घाला ना.

पुणेरी पाहुणा:
मळहात मी कधी ऐकला नाही. भरतीला आलेल्या मुलाला तर नाहीच कळणार.

निवृत्त सुभेदार:
माझी आई साताऱ्याकडची, तीही मळहातच म्हणायची. आणि मुलाला कळला नाही तर आजीला विचारेल, पत्रक तिच्याही हातात आहेच.

वकील बाई:
आमच्याकडे पालथा पंजा म्हणतात. मेंदी काढणाऱ्या मुलीही तेच म्हणतात. ग्वाल्हेर-इंदूरच्या मंडळींनी सांगा, तुमच्याकडे मळहात आहे का?