हळदीचा कागद लिंबात का बदलत नाही?

मुक्ताची_आई: लेक सातवीत. प्रकल्पासाठी गाळणकागद हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवले. साबणाच्या पाण्यात झटकन लाल, खायच्या सोड्यात जेमतेम तांबूस. पण लिंबू, चिंच, ताक कशातच काही नाही, साध्या पाण्यातही पिवळाच. मग लिंबू आम्ल आहे हे कळायचं कसं? ती म्हणतेय हळदच भेसळीची. हळद आजीने स्वतः दळून आणलेली, त्यामुळे घरात वेगळंच पेटलंय.

घाईत_आहे: निळा लिटमस कागद आणा, आम्लात लाल होतो. विषय संपला.

लॅबवाले_काका: लिटमस आणला तर मजा काय राहिली? ताई, हळद चोख आहे, आधी आजींची माफी मागायला लावा. हळदीतलं कर्क्युमिन आम्लातही पिवळं, उदासीन पाण्यातही पिवळं. सामू (pH, आम्लता सांगणारा आकडा; ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, वर अल्क) साधारण ७.४ च्या पुढे गेला की तांबडं व्हायला लागतं, ८.६ च्या आसपास पुरतं लाल. लिंबू २ च्या जवळ, पाणी ७, दोघंही अलीकडेच. सोड्याचं पाणी ८.३ च्या आसपास, म्हणून ते अर्धवट.

आता उलटं करा. चमचाभर चुन्याच्या निवळीत किंचित हळद टाका, लाल होईल. मग ड्रॉपरने लिंबाचा रस थेंब थेंब, मोजत. ज्या थेंबाला लाल जाऊन पिवळं राहील तिथे आम्लाने चुना संपवला. थेंब जितके कमी, तितकं त्यात आम्ल जास्त. मग तेच चिंचेच्या कोळाच्या पाण्याने, ताकावरच्या निवळीने. मिसळून ठेवू नका, लगेच करा. हवेतला कार्बन डायऑक्साइडही चुना खातो. कॉलेजच्या लॅबमध्ये २८ वर्षं पोरांना ब्युरेटखाली (थेंब मोजून सोडायची काचेची नळी) हेच करताना पाहिलं, निम्मे तो शेवटचा थेंब ओलांडायचेच. आणि चुना डोळ्यांपासून लांब.

कोकणची_सून: म्हणून हळदीच्या डागाला साबण लावला की लाल होतो! मला वाटायचं मीच वाट लावली.

लॅबवाले_काका: वाट नाही लागली. खळबळून धुवा आणि कडक उन्हात टाका, कर्क्युमिन उन्हात विटतं. हळदीला चुना लावून कुंकू करायचे तेही याच गुणावर.

मुक्ताची_आई: केलं काका. लिंबाचे ५ थेंब, चिंचेचे १४. ताकाचे ४० मोजले तरी लालसरच, मग लेकीने ड्रॉपर आजीच्या हातात दिला. आजी ५२ वर थांबली. माफीचं अजून कोणी बोललेलं नाही.