मख्ख चेहऱ्याचा विनोद : ग्रीक चित्रपट पाहतानाचे तुमचे अनुभव

एका खोलीत टेपरेकॉर्डर सुरू आहे आणि तीन तरुण भावंडे तो लक्षपूर्वक ऐकत आहेत. टेपवरचा आवाज त्यांना आजचे नवे शब्द शिकवतो : समुद्र म्हणजे लाकडी हातांची चामडी खुर्ची, महामार्ग म्हणजे फार जोराचा वारा. कोणी हसत नाही, कोणी शंका विचारत नाही. ग्रीक दिग्दर्शक योर्गोस लांथिमोस यांच्या २००९ सालच्या ‘डॉगटूथ’ची ही सुरुवात मी पुण्यात एका फिल्म सोसायटीच्या खेळाला प्रथम पाहिली, तेव्हा मागच्या रांगेत कोणीतरी हसले आणि पाठोपाठ मीही हसलो. ही भावंडे आयुष्यात कधी घराच्या कुंपणाबाहेर गेलेली नाहीत, सुळा पडेल त्या दिवशी बाहेर जाता येईल असे त्यांना बापाने सांगितले आहे, आणि माणसाचा सुळा असा आपोआप पडत नसतो, हे ध्यानात आले तेव्हा ते हसू तोंडावरच विरले. चित्रपटाचे मूळ ग्रीक नावही ‘सुळा’ असेच आहे.

फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाच्या ‘अं सर्तँ रगार’ विभागाचा मुख्य पुरस्कार या चित्रपटाला मिळाला आणि २०११ मध्ये परभाषिक चित्रपटांच्या ऑस्करसाठी त्याला नामांकन मिळाले. त्यानंतर अथिना राखेल त्सांगारी यांचा ‘ॲटनबर्ग’ (२०१०), लांथिमोस यांचाच ‘आल्प्स’ (२०११), बाबिस माक्रिदिस यांचा ‘पिटी’ (२०१८), ख्रिस्तोस निकू यांचा ‘ॲपल्स’ (२०२०) अशी रांग लागली. यातल्या बऱ्याच पटकथांच्या मागे एफ्थिमिस फिलिपू हे एकच नाव आहे. ब्रिटिश वृत्तपत्रांनी या प्रवाहाला ‘विक्षिप्त लाट’ म्हटले आणि त्याचा संबंध ग्रीसच्या आर्थिक संकटाशी जोडला. हा संबंध मला घाईचा वाटतो, कारण ‘डॉगटूथ’ कानला दाखवला गेला तो मे महिन्यात आणि ग्रीसच्या अंदाजपत्रकातली खरी तूट जगाला कळली ती त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात. घर, बाप, आज्ञा आणि आज्ञापालन हा या चित्रपटांचा विषय संकटाच्या आधीपासूनचा आहे, आणि म्हणूनच तो आपल्यापर्यंत इतक्या सहज पोहोचत असावा.

या चित्रपटांतली माणसे भयंकर गोष्टी रेल्वेचे वेळापत्रक वाचावे तशा सुरात बोलतात. नट आपल्याला काय वाटायला हवे ते सुचवत नाही, त्यामुळे वाटून घेण्याचे काम आपल्यावर येते. तुमच्या बाबतीत हे कुठे घडले, कोणत्या प्रसंगाला तुम्ही हसलात आणि त्या हसण्याने पुढे तुमच्याशी काय केले, ते येथे सविस्तर लिहावे ही विनंती. नावडल्याचे अनुभवही तितकेच हवे आहेत.

*

न्यू जर्सीहून.

आमच्या मुलाला मराठी येते ती फक्त आमच्याकडून. शाळेत, रस्त्यावर, दुकानात ती त्याच्या कानावर पडत नाही, त्यामुळे मी आणि माझा नवरा जो शब्द वापरू तोच त्याच्यासाठी मराठी शब्द असतो. तो लहान असताना व्हॅक्यूम क्लीनरला आम्ही गमतीने ‘गडगड्या’ म्हणू लागलो आणि नंतर विसरून गेलो. तो सहा वर्षांचा असताना साताऱ्याला गेलो, तेव्हा त्याने माझ्या आईला अगदी गंभीरपणे विचारले, “आजी, तुझा गडगड्या कुठे ठेवतेस?” आईला काही उमगेना आणि घरातले सगळे हसू लागले. तो मात्र हसला नाही. आपल्याला ठाऊक असलेला शब्द या घरात चालत नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते.

त्यानंतर दोन वर्षांनी मी ‘डॉगटूथ’ पाहिला. जेवणाच्या टेबलावर मुलगी ‘टेलिफोन दे’ म्हणते आणि आई तिला मीठ देते, त्या क्षणी मला तो साताऱ्याचा दिवस आठवला. पुढे मुलगा बागेत दोन छोटी पिवळी फुले सापडल्याचे सांगतो आणि त्या फुलांना ‘झॉम्बी’ म्हणतो, कारण त्याला तसेच शिकवलेले असते. त्या वाक्याला मी मोठ्याने हसले आणि लगेच मला रडू आले. आम्ही मुलाला फसवले नव्हते, प्रेमापोटीच तो शब्द केला होता, पण चित्रपटातला बापही आपण हे प्रेमापोटीच करतो आहोत असे मानतो. आता मुलगा विचारतो की “हा शब्द खरा आहे की आपल्या घरचा?”, तेव्हा मी शब्दकोश काढून त्याच्याबरोबर बसते.

*

नाशिकहून.

मला ‘डॉगटूथ’ सहन झाला नाही. मुलगा मांजराला मारतो तो प्रसंग आला तेव्हा मी बंद केला आणि पुन्हा लावला नाही. क्रौर्य थंडपणे दाखवले की ते अधिक प्रामाणिक होते हे मला मान्य नाही, कारण काही वेळा तो थंडपणा दिग्दर्शकाची सोय असतो. सपाट स्वरातले संवाद, नटांची कपाळे कापून टाकणारी चित्रचौकट आणि मध्येच एखादे विचित्र नृत्य, असा साचा नंतरच्या काही चित्रपटांत मला दिसला आणि कंटाळा आला. ‘ॲपल्स’ मात्र मनापासून आवडला, कारण त्यातल्या मख्ख चेहऱ्यामागे कोमलपणा आहे.

*

ठाण्याहून.

माझी आई २०१७ साली पाच आठवडे अतिदक्षता विभागात होती. त्या काळात सोसायटीतल्या लोकांनी मला जे सांभाळले ते मी कधी विसरणार नाही. समोरच्या काकू रोज सकाळी डबा पाठवत, वॉचमन गाडीसाठी सावलीतली जागा धरून ठेवत असे, कार्यालयात मी उशिरा पोहोचलो तरी कोणी विचारत नसे. आई बरी होऊन घरी आली. आठवड्याभरात डबा थांबला, आणि एका सकाळी मी दार उघडून रिकाम्या पायरीकडे पाहत उभा राहिलो. मला काय वाटले हे त्या वेळी मी स्वतःशीसुद्धा कबूल केले नाही.

पुढच्या वर्षी ‘पिटी’ आला. त्यातल्या वकिलाची बायको कोमात आहे आणि शेजारीण त्याला रोज संत्र्याचा केक आणून देते. बायको शुद्धीवर येऊन घरी परतते, केक यायचा थांबतो, आणि हा गृहस्थ सूट घालून, विलक्षण सभ्यपणे, शेजारणीकडे केकची चौकशी करायला जातो. त्याची बायको बरी झाल्याचे लाँड्रीवाल्याला माहीत नसते, त्यामुळे त्याच्यासमोर तो तिला अजून कोमातच ठेवतो. मी त्या प्रसंगांना इतका हसलो की पत्नीने येऊन काय झाले म्हणून विचारले, आणि मी तिला प्रथमच त्या रिकाम्या पायरीबद्दल सांगितले. चित्रपटातला माणूस पुढे फार भयानक दिशेने जातो आणि त्या टोकाशी माझा काही संबंध नाही, तरी पहिले पाऊल मी ओळखले. तो नट चेहऱ्यावर लाज, लबाडी किंवा लाचारी यांतले काहीही दाखवत नाही, म्हणून मला ते ओळखता आले. त्याने लबाडी दाखवली असती तर मी त्याला लबाड म्हणून मोकळा झालो असतो.

*

रत्नागिरीहून, सध्या जहाजावर.

मी व्यापारी जहाजांवर इंजिन विभागात काम करतो आणि बरीच वर्षे ग्रीक मालकीच्या जहाजांवर काढली आहेत. एक गोष्ट येथे नोंदवतो, कारण भाषांतराच्या ओळी वाचत पाहणाऱ्याच्या ती लक्षात येणार नाही. ग्रीक माणसे अशी बोलत नाहीत. आमच्या मेसमध्ये ग्रीक अधिकारी साध्या कांद्याबद्दल बोलू लागले तरी आवाज चढतो, हात हलतात आणि दोघेजण एकाच वेळी बोलत असतात. आपल्याला वाटते की हा सपाटपणा त्यांच्या भाषेचाच असावा. माझ्याबरोबर त्सांगारींचा ‘शव्हालिए’ (२०१५) पाहणारा ग्रीक सहकारी पहिल्या दहा मिनिटांतच म्हणाला की हे लोक आमच्या भाषेतले परदेशी वाटतात. म्हणजे ग्रीक प्रेक्षकाला हे आपल्यापेक्षाही अधिक विचित्र वाटते.

‘शव्हालिए’मध्ये एजियन समुद्रातल्या एका नौकेवर सहा पुरुष असतात आणि एकूण सर्वांत श्रेष्ठ कोण हे ठरवण्यासाठी ते एकमेकांना गुण देऊ लागतात. झोपतो कसा, रक्ततपासणीचे आकडे कसे, सुट्या भागांचे फडताळ किती लवकर जोडतो, अशा प्रत्येक बाबीला वहीत गुण पडतात, आणि जिंकणाऱ्याला मिळणार असते एक अंगठी. हे अतिशयोक्त आहे असे ज्यांना वाटते त्यांनी सहा महिने जहाजावर राहून पाहावे. आमच्याकडे वही नसते, एवढाच फरक. कोण चहा किती कडक पितो, कोणाच्या घरून किती फोन येतात, कोण वादळात आजारी पडत नाही, हे सगळे मोजलेले असते आणि त्याबद्दल कोणी कधी अवाक्षर काढत नाही. मी आणि तो सहकारी शेजारी बसून हसत होतो, आणि मध्येच लक्षात आले की आपल्यापैकी कोण अधिक हसतो आहे यावरही आम्हा दोघांची नजर होती.

२०१५ च्या जुलैमध्ये आम्ही ग्रीसच्या पिरेउस बंदरात होतो. आर्थिक संकटामुळे बँका बंद होत्या आणि माणसे दिवसाला साठ युरो काढण्यासाठी एटीएमसमोर रांगेत उभी होती. त्या रांगेत मी प्रथमच ग्रीक माणसांना गप्प पाहिले.

*

पुण्याहून, नाटकात काम करणारा.

सतीश आळेकरांच्या ‘महानिर्वाण’ (१९७४) या नाटकाची परंपरा ज्या शहरात आहे तेथल्या प्रेक्षकाला हा प्रकार अगदी परका वाटू नये. त्यातले भाऊराव स्वतःच्या मरणाची कथा कीर्तनातून सांगतात आणि जुन्याच स्मशानात जळण्याचा हट्ट धरतात. आमच्या हौशी प्रयोगाच्या तालमीत दिग्दर्शक एकच सूचना परत परत देत असत की विनोदी काही करू नका, मेलेल्या माणसाला जे म्हणायचे आहे ते त्याला खरोखर हवे आहे असे समजून म्हणा. ती सूचना मला ‘ॲटनबर्ग’ पाहिल्यावर पूर्णपणे कळली.

तेथेही एक मरणारा बाप आहे. तो वास्तुविशारद असून ॲल्युमिनियम कारखान्यासाठी वसवलेल्या समुद्रकाठच्या वसाहतीत राहतो, आणि आपले दहन व्हावे अशी त्याची इच्छा आहे. ऑर्थोडॉक्स चर्चचा दहनाला विरोध असल्याने त्या वेळी ग्रीसमध्ये एकही दहनगृह नव्हते. पहिले सुरू झाले ते २०१९ मध्ये. म्हणून मुलीला त्याचा देह परदेशी पाठवण्याची तजवीज करावी लागते, आणि बापलेक त्याबद्दल सामान हलवण्याविषयी बोलावे तसे बोलतात. मध्येच दोघे प्राण्यांच्या माहितीपटांतल्या माकडांसारखे आवाज काढत पलंगावर उड्या मारतात. मुलीची भूमिका करणाऱ्या आरियान लाबेद यांना व्हेनिस चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला, आणि तो मिळायलाच हवा होता, कारण तिच्या चेहऱ्यावर दुःख कधी दिसत नाही आणि तरीही चित्रपटभर आपल्याला दुसरे काही दिसत नाही. भाऊराव रंगमंचावर खणखणीत गातात आणि ही मुलगी जवळजवळ पुटपुटते, एवढे अंतर दोहोंत आहे, पण मेल्यावर आपले काय व्हावे याचा हट्ट दोन्हीकडे सारख्याच निष्ठेने धरलेला आहे.

*

कोल्हापूरहून.

माझे पती गेल्यानंतर वर्षभराने भाचीने मला ‘ॲपल्स’ लावून दिला. माणसांची स्मृती अचानक जाण्याची साथ पसरली आहे आणि एका गृहस्थाला नवी ओळख घडवण्यासाठी रोज कामे नेमून दिली जातात : सायकल चालवा, सिनेमाला जा, पोलरॉइड कॅमेऱ्याने स्वतःचा फोटो काढा. तो ती कामे निमूटपणे करतो आणि सफरचंदे खातो. मला त्या काळात सगळेजण अशीच कामे सांगत होते. फिरायला जा, भजनाला ये, काहीतरी नवीन शिक. मी ती त्याच्यासारखीच करत होते, म्हणून त्याचे ते फोटो पाहून मला फार हसू येत होते.

मग तो फळवाल्याकडे जातो. फळवाला सहज सांगतो की सफरचंद स्मरणशक्तीला चांगले असते. तो गृहस्थ काही बोलत नाही, चेहरा बदलत नाही, पिशवीतली सफरचंदे एकेक करून परत ठेवतो आणि संत्री घेतो. मी तेथे चित्रपट थांबवला. बराच वेळ तशीच बसून राहिले. मग भाचीला हाक मारली आणि पुढचा भाग आम्ही दोघींनी मिळून पाहिला.