‘चैन’ म्हटलं की ओशाळायला का होतं?

विचारणा:
यंदा उन्हाळ्यात घरी एसी बसवला. आत्या आली आणि दारातूनच म्हणाली, ‘चैन आहे बाई तुझी!’ झालं, माझी सारवासारव सुरू. हप्त्यांवर घेतलाय, सासऱ्यांना उकाडा सोसत नाही, रात्री दोनच तास लावतो... आत्याचा सूर प्रेमळच होता हो. पण चैन घ्या, चंगळ घ्या, ऐष घ्या, प्रत्येक शब्दाला टोमण्याची शेपटी आहेच. मिळालेलं सुख अपराधी न वाटता, शेजारच्या घरात न डोकावता, देवाचे आभार मानून भोगावं, याला मराठीत शब्दच नाही का?

प्रतिसाद:
चैन बिचारी मुळात निरुपद्रवी. हिंदीत चैन म्हणजे स्वस्थता. मराठीतही ‘मुलगा घरी येईपर्यंत आईला चैन पडेना’ यात तीच आहे. गंमत अशी, की चैन पडत नाही म्हटलं की लोक काळजी करतात आणि चैन करतो म्हटलं की हिशेब विचारतात!
ऐषचं तर याहून अजब. अरबीत ऐश म्हणजे जगणं, आणि इजिप्तमध्ये रोजच्या रोटीलाच ऐश म्हणतात. आपल्याकडे येईतो तिचा ऐषाराम झाला. चंगळला मात्र वाचवणं अवघड. ‘चंगळवाद’ रूढ झाला आणि उरलीसुरली अब्रूही गेली.

प्रतिसाद:
तुकोबांचं ‘जोडोनियां धन उत्तम वेव्हारें । उदास विचारें वेच करी’ आठवा. हा उदास म्हणजे खिन्न नव्हे, अलिप्त. वेच म्हणजे खर्च. पैसा जोडूच नका, असं ते म्हणतच नाहीत. सचोटीने जोडा आणि त्याला चिकटून न बसता खर्चा. आपण उदास होतो ते विजेचं बिल बघून, तो भाग वेगळा.

प्रतिसाद:
ताई, तुम्हाला हवा तो शब्द ‘कौतुक’. ‘घरात सगळं आहे, पण पोरांना कशाचं कौतुक नाही’ ही तक्रार कोणत्या घरात ऐकली नाही? इथे कौतुक म्हणजे शाबासकी नाही. असलेल्या गोष्टीची जाण आणि तिचा आनंद, दोन्ही एकदम. ज्ञानोबांच्या ‘माझा मराठाचि बोलु कौतुकें’मध्येही कौतुक म्हणजे स्तुती नाहीच, सहज लीलेने, हौसेने असा भाव आहे.
‘अप्रूप’ जवळचा, पण तो ‘अपूर्व’वरून आलेला, म्हणजे नवेपणाशी बांधलेला. एसीचं अप्रूप एका उन्हाळ्यात संपेल. कौतुक टिकू शकतं. माझ्या आजीचं बालपण बंबात लाकडं सारण्यात गेलं. पुढे गीझर येऊन कितीतरी वर्षं झाली, तरी नळाखाली बादली लावली की ती आधी धारेत बोट घालून बघायची आणि म्हणायची, ‘कसं गं कढत येतंय, ना धूर ना काही!’ समोरच्यांकडे सोलर आलं तेव्हा आईची कुरकुर सुरू झाली, आजीच्या बोटाला काही फरक पडला नाही. याला कृतज्ञता म्हणता येईल, पण तो शब्द सत्कार समारंभातला. न्हाणीघरात तो शोभत नाही.

प्रतिसाद:
कौतुकालाही नख्या आहेत बरं का. ‘काय मेलं कौतुक!’ ऐकलं नाहीत वाटतं?

प्रतिसाद:
ऐकलंय, भरपूर. सगळी खुबी क्रियापदात आहे. एसीचं कौतुक ‘असणं’ वेगळं आणि एसीचं कौतुक ‘सांगत सुटणं’ वेगळं. ‘मेलं’ लागतं ते सांगत सुटण्यालाच. कौतुक नुसतं असेल, तर त्याला टोमणा मारायला जागाच सापडत नाही.