पहिला गेमिंग पीसी जोडताना आधी काय पक्कं केलंत?

तयार पीसी न घेता सुटे भाग निवडून स्वतः जोडायचा असं ठरलं की बहुतेक जण थेट ग्राफिक्स कार्डांच्या मागे लागतात. मला वाटतं, पहिला भाग कोणता पक्का केला यावर पुढचं निम्मं गणित ठरतं. एक भाग नक्की झाला की दुसरा त्याच्यामागून येतो आणि तिसऱ्यावर मर्यादा पडते. तुमच्या पहिल्या पीसीची सुरुवात कुठून झाली, त्यामुळे पुढे काय सोपं गेलं, काय अडलं, ते सविस्तर लिहा. नुसती यादी नको, त्यामागचा विचार हवा. सुरुवात मी करते.

मी आधी मॉनिटर ठरवला. तासन्‌तास ज्याच्याकडे बघायचं तो भाग उरलेल्या पैशांत बसवायचा, हे मला पटत नव्हतं. शिवाय कार्डाला काम किती पडणार हे पडदाच ठरवतो. १९२० × १०८० च्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, २५६० × १४४० वर ३६.९ लाख आणि फोर-केवर जवळपास ८३ लाख. प्रत्येक फ्रेमला, म्हणजे पडद्यावर एकामागून एक येणाऱ्या प्रत्येक चित्राला, एवढे ठिपके रंगवायचे. त्यासाठी ६० हर्ट्‌झला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ हर्ट्‌झला ७ सुद्धा नाहीत (हर्ट्‌झ म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा नवं चित्र दाखवतो). मी गोष्टीचे, मोकळ्या जगात भटकायचे गेम खेळते. नेमबाजीच्या स्पर्धांत मला रस नाही. त्यामुळे १४४०पी (म्हणजे २५६० × १४४०) आणि ७०-८० एफपीएस (सेकंदाला तेवढ्या फ्रेम) मला पुरेसे होते. हे स्पष्ट झाल्यावर कार्डांची लांबलचक यादी मोजक्या नावांवर आली आणि त्यातून १२ जीबी व्हीरॅमचं (कार्डाची स्वतःची मेमरी) आरएक्स ६७०० एक्सटी निवडलं. ८ जीबीची कार्डं वेगाला वाईट नव्हती. पण व्हीरॅम भरली की चित्र अडखळायला लागतं, नाहीतर भिंतींवरचे, दगडांवरचे बारकावे धूसर होतात, आणि भटकायचे गेम खेळणाऱ्याला नेमकं तेच खुपतं. मॉनिटर फ्रीसिंकवाला आहे, म्हणजे कार्डाच्या वेगाशी स्वतःचा वेग जुळवणारा, म्हणून एफपीएस खाली-वर झाले तरी चित्र फाटत नाही.

*

माझं अगदी उलट. मी कारखाने उभारायचे, साम्राज्यं चालवायचे गेम खेळतो. त्यात हजारो गाड्या, माणसं, मालाचे पट्टे यांचा हिशोब प्रोसेसर करत असतो आणि कार्ड निम्मं रिकामं असतं. आपला गेम कुठे अडतोय हे ओळखायचा सोपा मार्ग म्हणजे रिझोल्यूशन (चित्रातल्या पिक्सेलची संख्या) एकदम खाली आणून पाहायचं. एफपीएस वाढले तर कार्ड अडत होतं, जिथल्या तिथे राहिले तर प्रोसेसर. मित्राच्या पीसीवर माझीच अवाढव्य सेव्ह फाइल उघडून हे करून पाहिलं. आकडा जागचा हलला नाही. पैसे प्रोसेसरमध्ये घालायचे हे तिथेच ठरलं.

रायझन ७ ५८००एक्स३डी घेतला. २०२२ साली आलेल्या या प्रोसेसरचा क्लॉक (वेग) साध्या ५८००एक्सपेक्षा थोडा कमीच आहे, पण एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतलीच जलद मेमरी) ३२ ऐवजी ९६ एमबी. गेमला सारखी लागणारी माहिती रॅमपर्यंत न जाता तिथल्या तिथे सापडते, आणि मोठ्या सेव्ह फाइलमध्ये फरक पडतो तो यानेच. सॉकेट (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) एएम४, त्यामुळे डीडीआर४ रॅम आणि साधा बी५५० मदरबोर्ड चालून गेला. बोर्डावर बायॉस (बोर्ड सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) बदलायचं ‘फ्लॅशबॅक’ बटण आहे ना, एवढं मात्र आधी बघून घेतलं. जुन्या साठ्यातल्या बोर्डाचं बायॉस नवा प्रोसेसर ओळखेलच असं नाही. हे बटण असलं की प्रोसेसर न बसवताही पेन ड्राइव्हवरून बायॉस अद्ययावत करता येतं.

*

मी पॉवर सप्लायपासून सुरुवात केली असं सांगितलं की लोक चमकतात. माझ्या मावसभावाचा पीसी खेळात धुमश्चक्री सुरू झाली की फट्‌कन बंद पडायचा. तापमान ठीक, रॅम ठीक. शेवटी दुसरा पॉवर सप्लाय लावला तेव्हा थांबलं. त्याच्याकडच्या आरटीएक्स ३०८० कार्डाची नोंद ३२० वॅटची आहे, पण काही मिलिसेकंदांपुरतं ते कार्ड त्याच्या बरंच वर उसळी मारतं. ती झेपली नाही की पॉवर सप्लाय संरक्षण म्हणून स्वतःच बंद होतो. म्हणून सगळ्या भागांच्या वॅटची बेरीज करून जेमतेम तेवढ्याचाच घेऊ नका. माझं आरटीएक्स ४०७० हे २०० वॅटचं कार्ड आहे, तरी ७५० वॅटचा घेतला, पुढचं कार्डही त्यावरच चालावं म्हणून. ८० प्लस गोल्डचा शिक्का वीज किती वाया जाते एवढंच सांगतो. आतले भाग आणि संरक्षणं कशी आहेत हे कळायला, पूर्ण भार टाकून केलेली परीक्षणं वाचावी लागतात.

आणि एक कळकळीने सांगतो, मॉड्युलर (केबल सुट्या होणाऱ्या) पॉवर सप्लायच्या केबल दुसऱ्या पॉवर सप्लायला कधीही लावू नका. हार्ड डिस्ककडचं, कार्डाकडचं टोक सगळीकडे सारखं असतं. पॉवर सप्लायकडच्या टोकाला कसलंच प्रमाण नाही; एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही पिनांचा क्रम वेगळा असू शकतो. केबल खाचेत छान बसते आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन डिस्क जळते. पॉवर सप्लाय बदलला की जुन्याच्या सगळ्या केबलही काढा आणि त्याच्याच खोक्यात ठेवा.

*

माझी अट जागेची होती. पीसी टेबलाच्या कप्प्यात मावायला हवा होता, म्हणून कॅबिनेट आधी. त्यामुळे बोर्ड मिनी-आयटीएक्स आला, १७० × १७० मिमीचा (नेहमीचा एटीएक्स ३०५ × २४४ असतो), रॅमचे स्लॉट दोनच, पॉवर सप्लाय छोटा एसएफएक्स. मग प्रत्येक भागाचे मिलिमीटर बघत बसायचं. मी कार्डाच्या मापाचा पुठ्ठा कापून रिकाम्या कॅबिनेटमध्ये धरून पाहिला. लांबीला बसत होता, पण कडेला पॉवर केबलला वळायला जागाच उरत नव्हती. नव्या १६ पिनांच्या कनेक्टरची केबल शेवटपर्यंत आत गेलेली असावी लागते आणि तिला तोंडाशीच मुरड पडून चालत नाही, नाहीतर कनेक्टर तापून वितळण्याचा धोका असतो. म्हणून कमी रुंदीचं, दोन पंख्यांचं कार्ड घेतलं. मोठ्या कॅबिनेटमध्येही पुढच्या बाजूला रेडिएटर (पाण्याने प्रोसेसर थंड करणाऱ्या कूलरचा) लावणार असाल, तर त्याची आणि पंख्यांची मिळून पाच-साडेपाच सेंटिमीटर जाडी कार्डाच्या जागेतून वजा करा.

*

लेकीचा पीसी आम्ही दोघींनी मिळून जोडला. एएम५ सॉकेटचा बोर्ड, म्हणजे रॅम डीडीआर५च. ८ जीबीच्या चार स्टिक घेण्याऐवजी १६ च्या दोन घेतल्या, कारण डीडीआर५ मध्ये चारही स्लॉट भरले की सहसा वेग खाली आणावा लागतो. एकच ३२ ची घेतली असती तर ड्युअल चॅनल (रॅमकडे जाणाऱ्या दोन वाटा एकदम) मिळालं नसतं. प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये त्या बसवल्या आणि बटण दाबलं. पंखे फिरले, पडदा काळाच, बोर्डावरचा ‘डीरॅम’ लिहिलेला बारीक दिवा तेवढा लागलेला. लेकीचा हात लगेच बटणाकडे गेला. हे होणार हे वाचून ठेवलं होतं म्हणून मी तिला थांबवलं. पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड रॅमशी वेग जुळवून घेतो, त्याला काही मिनिटं लागतात, आणि मध्येच बंद केलं तर पुन्हा पहिल्यापासून. दिवा विझला, पडदा उजळला आणि बायॉसमध्ये वेग दिसला ४८००. खोक्यावर होता ६०००. एक्स्पो प्रोफाइल (रॅमला खोक्यावरचा वेग देणारी तयार सेटिंग) सुरू केल्यावर तो ६००० झाला. इंटेलच्या बोर्डांवर हेच एक्सएमपी नावाने असतं.

*

थोडक्यात लिहिते. इंटेलचा प्रोसेसर घेताना मी मुद्दाम नावाच्या शेवटी ‘एफ’ नसलेला घेतला. एफवाल्यांमध्ये आतलं ग्राफिक्स नसतं. माझं नवं कार्ड सदोष निघालं, पडद्यावर काहीच येईना. केबल काढून मदरबोर्डाला लावली, चित्र आलं, दोष कार्डाचाच आहे हे कळलं, आणि ते बदलून येईपर्यंत बाकीची कामंही चालू राहिली. रायझन ७००० मालिकेतही साधं ग्राफिक्स आत असतं, फक्त ७५००एफसारखे एफवाले सोडून.

*

एसएसडीबद्दल, म्हणजे गेम साठवायच्या चिपवाल्या डिस्कबद्दल, अजून कुणी लिहिलं नाही. साटा या जुन्या जोडणीची एसएसडी सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास वाचते, तिसऱ्या पिढीची एनव्हीएमई (त्याहून वेगवान जोडणीची एसएसडी) ३५०० च्या आणि चौथ्या पिढीची ७००० च्या. आकडे बघून मोह होतो, पण गेम उघडताना दोन एनव्हीएमईंमधला फरक जेमतेम जाणवतो. हार्ड डिस्कवरून एसएसडीवर आलात तर मात्र कमालीचा जाणवतो. म्हणून मी तिसऱ्या पिढीचीच घेतली, पण २ टीबीची. आताचे मोठे गेम एकेक १०० जीबीच्या पुढे जातात. घेताना दोन गोष्टी बघा. एम.२ आकाराच्या (बोर्डावरच बसणाऱ्या पट्टीसारख्या) साटा एसएसडीही मिळतात, दिसायला जवळपास एनव्हीएमईसारख्याच, पण वेग साटाचाच. आणि काही बोर्डांवर दुसरा एम.२ स्लॉट भरला की एक-दोन साटा पोर्ट बंद होतात. कोणते, याचा तक्ता बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये असतो. जुनी हार्ड डिस्क जोडणार असाल तर बोर्ड विकत घेण्याआधीच तेवढं पान वाचून घ्या.