बेडमी, पिठी आणि वेढणं

रविवारी न्याहारीला मथुरेकडची बेडमी पुरी करायला घेतली. हिंदी कृतीत 'उडद की पीठी' असं होतं. मी सरळ डब्यातलं उडदाचं पीठ काढलं, त्यात हिंग, बडीशेप, तिखट कालवलं आणि कणकेच्या गोळ्यात भरलं. पहिली पुरी फुगलीच नाही. तिसरी फुटली आणि कढईभर काळी भुकटी. शेवटी सगळ्यांनी पोहे खाल्ले. तर पीठी म्हणजे नक्की काय? आणि 'बेडमी' हा शब्द कुठला?

प्रतिसाद
अहो, पीठी म्हणजे पीठ नव्हे, भिजवून वाटलेली डाळ! 3-4 तास भिजवा, निथळा, पाण्याचा थेंब न घालता भरड वाटा. दोन्ही शब्द 'पिष्ट'वरूनच आलेत, पण हिंदीवाल्यांनी पीठी पाट्यावर ठेवली नि आपण पिठी जात्यावर. आपली पिठी कोरडी: मोदकाची तांदळाची पिठी, पिठीसाखर. आमच्या मालवणात मात्र पिठी म्हटलं की कुळथाची, भातावर ओतून खायची. हिंदी कृतीत 'मोयन' दिसलं तर घाबरू नका, ते आपलं मोहनच, कणकेत घालायचं तेल.

प्रतिसाद
बेडमीचं मूळ 'वेढणे'त आहे. हिंदीत व चा ब होतो: वाट-बाट, वीस-बीस, वड-बड. तसंच वेढ-बेढ. आग्र्याकडे बेढई किंवा बेडई म्हणतात, त्यात ढ अजून ऐकू येतो. 16व्या शतकातल्या 'भावप्रकाश' या आयुर्वेदाच्या ग्रंथात 'वेढमिका' आहे, उडदाची पिठी पोटात भरलेली गव्हाची रोटी. गुजरातीत वेढमी म्हणजे चक्क पुरणपोळी. गंमत अशी की या दोन्ही तळलेल्या नाहीत. म्हणजे नाव तेलावरून नाही, सारण वेढण्यावरून पडलंय.

प्रतिसाद
मग सरळ डाळपुरी म्हणा की.

प्रतिसाद
नको. डाळपुरी म्हटलं की बिहारकडची हरभरा डाळीची डोळ्यांपुढे येते. 'उडदाची कचोरी' म्हणाल तर आपल्याकडे लोक कडक, डब्यात टिकणारी समजतील. बनारसला मात्र सकाळी भाजीबरोबर मिळणारी मऊ, डाळ भरलेली ती 'बडी कचौडी', आणि खुसखुशीत ती छोटी. प्रतिशब्द शोधूच नये, बेडमीच म्हणावं. वेढा आपल्या तोंडात आहेच.

प्रतिसाद
मूळ प्रश्न विचारणारी मीच. आज डाळ वाटून केली. वाटण ओलसर वाटलं म्हणून कढईत दोन मिनिटं परतलं, मुठीत दाबल्यावर गोळा राहील इतपत. कणीक घट्ट, लाटणं हलक्या हाताने. झाऱ्याने कडेकडेने तेल उडवलं तर पुरी टम्म फुगली, वर डाळीचे बारीक पुरळ दिसत होते. बटाट्याची पातळ भाजी आमचूर घालून केली. नवरा म्हणाला, 'वेढमिका अजून एक वाढ.' त्याला आता हाच शब्द आवडलाय.