संख्याशास्त्र मेजर असेल तर मायनर गणित घ्यावं की कॉम्प्युटर सायन्स?

पुणेकर_पालक

मुलगी एफवाय बीएस्सीला आहे. विषय संख्याशास्त्र, गणित आणि कॉम्प्युटर सायन्स. मेजर (मुख्य विषय) संख्याशास्त्रच घ्यायचं हे तिचं पक्कं आहे. एसवायला जाताना मायनर (जोडविषय) लिहून द्यायचा आहे आणि घरात दोन तट पडलेत. एका बाजूचं म्हणणं, कॉम्प्युटर घे, नोकरी त्यातच आहे. दुसऱ्या बाजूचं, गणित सोडलंस तर एमएस्सीचे दरवाजे बंद होतील. तिचा कल डेटा सायन्सकडे आहे, पण एमएस्सी करणार की थेट नोकरी हे ठरलेलं नाही. जाणकारांनी मुद्द्याचं सांगावं.

एप्सिलॉन

गणित घ्या. कॉम्प्युटर वाईट म्हणून नव्हे, तर प्रोग्रॅमिंग कॉलेजबाहेर नीट शिकता येतं आणि लिनिअर अल्जिब्रा, रिअल अ‍ॅनालिसिस एकट्याने सहसा होत नाही म्हणून. चुकीचा प्रोग्रॅम चालवला की चूक समोर येते. चुकीची सिद्धता वहीत तशीच पडून राहते, ती दाखवायला कुणीतरी लागतं.

संख्याशास्त्रात याची गरज कुठे पडते ते बघा. रिग्रेशनसाठी 'एक्स' ही मॅट्रिक्स बनवली: पहिला स्तंभ सगळा 1, दुसऱ्यात शहरी असेल तर 1 नाहीतर 0, तिसऱ्यात ग्रामीण असेल तर 1 नाहीतर 0. दुसरा आणि तिसरा स्तंभ मिळवले की पहिलाच तयार होतो. स्तंभ तीन, पण रँक (एकमेकांपासून तयार न होणारे स्तंभ) 2. त्यामुळे रिग्रेशनच्या सूत्रात लागणारा एक्स-ट्रान्सपोज-एक्सचा व्यस्त अस्तित्वातच नाही. 'आर' या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये एलएम हे रिग्रेशनचं फंक्शन वापरलं तर एका सहगुणकाच्या जागी एनए छापून येतं. पायथनमध्ये नमपाय या पॅकेजने थेट व्यस्त काढायला गेलात तर एरर येतो. कधी तर राउंडिंगमुळे एररही येत नाही, नुसते अवाढव्य आकडे येतात, आणि ते जास्त घातक. रँक म्हणजे काय हे माहीत असलेली मुलगी एक स्तंभ काढून टाकते. माहीत नसलेली पॅकेज पुन्हा इन्स्टॉल करत बसते.

प्रवेशाचं म्हणाल तर आयआयटी जॅम या एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेच्या मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्स पेपरातही कॅल्क्युलस आणि मॅट्रिक्स आहेत. उद्या तिला एमएस्सी गणितच करावंसं वाटलं तर काही संस्था पदवीला ठराविक सेमिस्टर गणित असण्याची अट घालतात. जॅममधला रँक चांगला असूनही अशा ठिकाणी गाडी अडते.

पॉइंटर

वरच्या प्रतिसादाशी निम्मा सहमत. 'प्रोग्रॅमिंग घरी येतं' हे सिंटॅक्सपुरतं खरं आहे. डेटा स्ट्रक्चर्स (प्रोग्रॅममध्ये माहिती मांडायच्या पद्धती) आणि डीबीएमएस (डेटाबेस सांभाळणं) घरबसल्या फार थोडी मुलं शेवटपर्यंत नेतात.

साधं उदाहरण देतो. दोन याद्या, प्रत्येकी 1 लाख नोंदी, समान ग्राहक क्रमांक शोधायचे आहेत. एका लूपमध्ये दुसरा लूप टाकला तर 1000 कोटी तुलना होतात, आणि पायथनमध्ये मिनिटंच्या मिनिटं वाट बघावी लागते. पहिली यादी डिक्शनरीत भरून दुसरीतली एकेक नोंद तिच्यात शोधली तर साधारण 2 लाख कृती, म्हणजे सेकंदाच्या आत काम संपतं. मुलाखतीत नेमकं हेच विचारतात, आणि संख्याशास्त्राच्या मुलांचं घोडं इथेच पेंड खातं.

म्हणून आधी कॉलेजच्या कॉम्प्युटर मायनरचा चारही सेमिस्टरचा अभ्यासक्रम मागवा, नुसती नावं नकोत. त्यात डेटा स्ट्रक्चर्स, डीबीएमएस (एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेच्या प्रॅक्टिकलसह) आणि अल्गोरिदम असतील आणि तिला तीन वर्षांनी नोकरीच करायची असेल, तर बेलाशक घ्या. एचटीएमएल, ऑफिस ऑटोमेशन, 'इंट्रोडक्शन टू' असलं काही असेल तर गणितच बरं. एमसीएसाठी मात्र मायनर कॉम्प्युटरच हवा असं नाही. कोणतीही पदवी आणि 50 टक्के गुण (आरक्षित प्रवर्गाला 45) ही एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेची अट आहे, बारावीला किंवा पदवीला गणित असलेलं बरं. कॉम्प्युटरची पार्श्वभूमी नसेल तर ब्रिज कोर्स करावा लागतो, इतकंच.

पुणेकर_पालक

दोघांचेही आभार. मग गणित मायनर आणि ओपन इलेक्टिव्हमधून (आवडीने निवडायच्या जादा विषयातून) कॉम्प्युटर, असं जमेल का? आणि मायनर मध्येच बदलता येतो का?

क्रेडिट_हिशेब

ओपन इलेक्टिव्हमधून नाही जमणार. राज्याच्या 20 एप्रिल 2023 च्या शासन निर्णयानुसार ओपन इलेक्टिव्ह मेजरच्या विद्याशाखेबाहेरचाच हवा. विज्ञान शाखेने काढलेला कॉम्प्युटरचा ओपन इलेक्टिव्ह असतो तो वाणिज्य आणि कला शाखेच्या मुलांसाठी. तिच्यासाठी जागा आहे ती व्हीएससी (व्होकेशनल स्किल कोर्स) आणि एसईसी (स्किल एन्हान्समेंट कोर्स) या कौशल्याच्या कोर्सेसमध्ये. तिथे पायथन, आर किंवा एसक्यूएल मिळतंय का ते बघा.

राज्यात मायनरला तीन वर्षांत मिळून साधारण 18 ते 20 क्रेडिट असतात. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे 15 तास, प्रॅक्टिकलचा 30. म्हणजे 4 क्रेडिटचा कोर्स पूर्ण थिअरीचा असेल तर 60 तास, 2 अधिक 2 असेल तर 90. संख्याशास्त्राची प्रॅक्टिकल्स आधीच आहेत, त्यामुळे कॉम्प्युटरच्या बॅचची वेळ त्यांच्यावर येते का हे फॉर्म भरण्याआधी टाइमटेबलवर तपासा. नंतर बॅच बदलून देताना ऑफिस हात वर करतं.

मायनर मध्येच बदलायच्या भानगडीत पडू नका. बदलू दिला तरी आधीच्या मायनरचे क्रेडिट नव्या मायनरच्या खात्यात जात नाहीत, ते जास्तीचे म्हणून पडून राहतात आणि नव्याचे मागचे पेपर अंगावर येतात. दर निकालानंतर डिजिलॉकरमधून एबीसी (अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स) खातं उघडून कोर्ससमोर मायनरच लिहिलंय ना ते बघा. चुकून दुसरं काही चढलं असेल तर त्याच सेमिस्टरला अर्ज द्या. टीवायच्या शेवटी हे लक्षात आलं तर पदवीचा निकाल राखून ठेवतात.

एप्सिलॉन

डेटा स्ट्रक्चर्ससाठी स्वयम या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर एनपीटीईएलचा (आयआयटींच्या प्राध्यापकांचा) कोर्स करता येईल. 12 आठवड्यांचा कोर्स 3 क्रेडिटचा, 8 आठवड्यांचा 2 चा. असाइनमेंटला 25 गुण, केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला 75. प्रमाणपत्रासाठी 25 पैकी 10 आणि 75 पैकी 30, दोन्ही स्वतंत्रपणे लागतात. असाइनमेंट पूर्ण करून परीक्षेचा वेगळा फॉर्म भरायचा राहून जातो, तेवढी तारीख सांभाळा. क्रेडिट पदवीत धरायचे असतील तर कॉलेजची लेखी मंजुरी कोर्स सुरू होण्याआधी घ्या, नंतर दिलेलं प्रमाणपत्र नुसतं फायलीत राहतं.

2024 पासून गेट या एमटेकच्या प्रवेश परीक्षेत डेटा सायन्स आणि एआयचा वेगळा पेपर आहे. त्यात संभाव्यता, लिनिअर अल्जिब्रा, कॅल्क्युलस, पायथनमधून डेटा स्ट्रक्चर्स, डेटाबेस आणि मशीन लर्निंग येतं. तिसऱ्या वर्षाला असतानाच तो देता येतो. संख्याशास्त्र मेजर, गणित मायनर आणि वरचा एक कोर्स एवढ्यात डेटाबेस आणि मशीन लर्निंग सोडून बहुतेक भाग झालेला असतो.

पॉइंटर

डेटाबेससाठी एसईसीत एसक्यूएल मिळालं तर आधी तेच घ्या. मशीन लर्निंग टीवायपर्यंत थांबू शकतं.