जालना रोडवर पॉड: सहा जणांच्या डब्यात वाळूजची शिफ्ट मावते का?

एन-सातचा म्हातारा
परवा इथं एकानं चित्रासकट लिहिलं होतं. आपल्या संभाजीनगरात वाळूज ते शेंद्रा, एका एमआयडीसीपासून दुसरीपर्यंत, खांबांवरून बारीक मार्ग न्यायचा, त्यावर चालकाशिवाय धावणारे सहा-सहा जणांचे डबे, म्हणजे पॉड, सोडायचे, की पाच वर्षांत जालना रोड मोकळा. खाली लाल बदामांचा पाऊस. मी गप्प बसणार होतो, पण काल अमरप्रीतच्या चौकात एकाच सिग्नलला तीनदा लाल लागला आणि डोकं फिरलं. आता वाचाच.

डबा सहा जणांचा. दर सहा सेकंदांनी एक सुटला तर तासाला ६०० डबे, ठासून भरले तर ३,६०० माणसं. पण पॉडची सगळी मिजास अशी की डबा तुमचा एकट्याचा, परका माणूस शेजारी नाही, मधे थांबणं नाही. मग डब्यात बसणार सरासरी दोन. झाले १,२००. साठ जणांची बस दर तीन मिनिटांनी आली की तितकीच माणसं जातात, एकही खांब न रोवता. वाळूजला दुपारची शिफ्ट सुटते तेव्हा गेटाबाहेर पाच मिनिटांत किती मुंडकी येतात ते एकदा उभं राहून बघा. मी तिथं सत्तावीस वर्षं काढलीत.

आणि ही कल्पना काही काल जन्मली नाही. अमेरिकेत मॉर्गनटाउनला १९७५ पासून चालू आहे. स्टेशनं पाच, आणि डबा वीस जणांचा, म्हणजे छोटी बसच. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर २०११ मध्ये आली, ३.८ किलोमीटर, २१ डबे. कुठून कुठं? पार्किंगपासून टर्मिनलपर्यंत. अबुधाबीच्या मसदरमध्ये अख्खं शहर पॉडवर चालणार होतं, २०१० मध्ये सुरू झालं आणि दोन स्टेशनांवर आटोपलं. आपल्याकडं अमृतसरला २०११ च्या सुमारास गाजावाजा झाला, पुढं काही नाही. पन्नास वर्षांत बोटावर मोजण्याइतकी गावं, आणि पुढचं आमचं?

खांबावरचा
ते चित्र माझंच. काका, हिशेब छान केलात, पण "बस दर तीन मिनिटांनी" म्हणालात तिथं मला हसू आवरेना. कोणत्या गावात राहता? परवा बाबा पेट्रोल पंपावर पस्तीस मिनिटं उभा होतो. आली ती दुसऱ्याच मार्गाची.

तुम्ही मूळ मुद्दाच सोडला. पॉडचं स्टेशन मुख्य मार्गावर नसतं, बाजूच्या फाट्यावर असतं. एक डबा थांबला म्हणून मागचे अडकत नाहीत. नगर नाक्याला बसलात की सरळ चिकलठाणा, मधली सगळी स्टेशनं बाजूला. दोन डब्यांत सहाऐवजी तीन सेकंद ठेवले की तुमचा आकडा दुप्पट. मुंबईत बीकेसी, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, पॉडला २०२४ मध्ये मंजुरी झाली, ८.८ किलोमीटर, ३८ स्टेशनं. ते सगळे काय वेडे?

एन-सातचा म्हातारा
मंजुरी आणि डबा यांत फरक असतो बाळा. मंजुऱ्या बघतच माझे केस पिकले. आणि तीन सेकंदांचं म्हणशील तर पुढचा डबा अचानक अडकला तर मागच्यानं थांबायचं कुठं? एवढं अंतर लागतं म्हणून तर आकडा वाढत नाही.

रूळतज्ज्ञ
एक दुरुस्ती. पॉड म्हटलं की लोक रूळच धरतात, पण हीथ्रोला रूळ नाहीत. रबरी टायर आहेत, काँक्रीटच्या पन्हळीतून चालतात. मॉर्गनटाउनलाही टायरच. रुळावरचा पाहिजे तर कोरियात सुंचॉन.

मोंढा नाका
टायर असो नाहीतर बैलगाडीचं चाक, लाईट गेली की हवेत लटकणार का? आमच्याकडं आभाळ भरून आलं की लाईट जाते.

रूळतज्ज्ञ
हीथ्रोचे डबे बॅटरीवर आहेत.

मोंढा नाका
मग ठीक. इन्व्हर्टरची बॅटरी दोन वर्षांत बसली आमची, म्हणून विचारलं.

मुकुंदवाडीची
लॅबमधून निघायला मला रात्रीचे साडेनऊ होतात. क्रांती चौकातून शेअर रिक्षा. मागं तिघांच्या जागेत चौघं, म्हणून "ताई, एक पुढं एक मागं". म्हणजे मी सीटच्या कडेवर, गुडघे समोरच्या दांडीला, पर्स पोटाशी, आणि शेजारच्याचा कोपर सेव्हन हिल येईपर्यंत हलत नाही. हलला तर चुकीच्या दिशेला. मला तासाला किती माणसं जातात याच्याशी काही देणंघेणं नाही. दार लावून एकटीला बसता आलं तर मी दुप्पट पैसे देईन.

एन-सातचा म्हातारा
ताई, त्रास खरा आहे. पण बघा, तुम्ही एकट्या बसलात म्हणजे डब्यात एकच माणूस. माझा हिशेब आणखी खाली आला.

मुकुंदवाडीची
मग तुमचा हिशेब वर यावा म्हणून मी कुणाच्या मांडीवर बसू का काका?

खांबावरचा
😂 काका, आता काय बोलता?

तीन चाकं
मी रिक्षा चालवतो. ताई, कोपरवाल्याला उतरवायचं असतं, तुम्ही ड्रायव्हरला सांगा, आम्ही सगळेच तसले नाहीत. पण चौथं सीट कामून घेतो तेबी ऐका. सिडकोपर्यंत तीन सीटात गॅस निघतो, हप्ता निघत नाही. तुमचा डबा आला की आम्ही काय करायचं, खांबाखाली सावलीला बसायचं? यावर एकानंबी लिहिलं नाही.

परळीची गाडी
सगळ्यांना हात जोडून. मराठवाडा म्हणजे जालना रोड नव्हे. नगर-बीड-परळी रेल्वे १९९५ ला मंजूर, २६१ किलोमीटर. बीडला गाडी पोचली १७ सप्टेंबर २०२५ ला. तीस वर्षं! माझे वडील म्हणायचे, रिटायर झालो की बीडहून रेल्वेनं पंढरपूरला जाऊ. ते गेले, गाडी नंतर आली. परळीचं तर अजून बाकीच आहे. आन तुम्ही इथं हवेत डबे उडवायलात.

खांबावरचा
दादा, वडिलांचं वाईट वाटलं. पण ते वेगळं खातं, वेगळा पैसा. पॉड थांबवला म्हणून परळीचे रूळ लवकर पडतील असं थोडंच आहे?

परळीची गाडी
हेच ते! "वेगळं खातं." जे काही यायचं ते संभाजीनगरपर्यंत येतं, पुढं सरकत नाही. निजामानं १९०० च्या सुमारास मनमाडपासून हैदराबादपर्यंत रूळ टाकले, त्याच लाईनीवर आपण अजून जगायलोत.

जालनेकर
हौ, आणि त्या लाईनीचा कारभार सिकंदराबादहून. नांदेडला विभाग, पण तो दक्षिण मध्य रेल्वेत. मुंबईला जाणारी गाडी मागायची तर अर्ज तेलंगणात. मध्य रेल्वेला जोडा म्हणून किती वर्षं बोंबलायचं?

नांदेडचा
मध्य रेल्वेला जोडून काय सोनं लागणार आहे? मुंबईवाल्यांना लोकल सोडून दुसरं दिसतं का? सिकंदराबादनं निदान आमच्याकडं गाड्या तरी दिल्या.

जालनेकर
तुमच्याकडं दिल्या, बरोबर. म्हणूनच तुम्हाला गोड लागतं. आम्हाला नांदेडहून भरून आलेली गाडी मिळते, दारात लटकायला.

नांदेडचा
लटकू नका मग, पॉड येतोय ना.

लातूरकर
भांडू नका. २०१६ मध्ये आमच्याकडं मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. मी कॅन घेऊन टँकरच्या रांगेत होतो. बायको म्हणाली, माणसांना जागा मिळेना त्या रेल्वेत पाण्याला मिळाली, नशीब त्याचं. आता डब्यांचा कारखाना पण लातूरला आहे, २०१८ ला भूमिपूजन. तुमचे पॉड आमच्याकडंच बनवा, पोरांना काम लागेल. बाकी तुम्ही कुठंही फिरवा.

जलवाहिनी
पाण्याचं निघालंच आहे तर. खांबाचा पाया कुठं घेणार? जायकवाडीच्या नव्या पाईपसाठी आधीच सगळं गाव खणून ठेवलंय. आमच्या गल्लीत आठवड्यातून एकदा नळ येतो, तोही पहाटे तीनला. त्या पाईपात एक खांब घुसला की दुसरा आठवडा पण गेला.

एन-सातचा म्हातारा
अहो, विषय जालना रोडचा होता. नांदेड, परळी, मिरज सगळीकडं जाऊन आलो, फक्त अमरप्रीतच्या पुढं सरकलो नाही.

मुकुंदवाडीच्या ताईंनी माझी बोलती बंद केली, ते मान्य. रात्री नऊनंतर गर्दी नसते, तेव्हा एकट्यादुकट्या माणसासाठी डबा बसपेक्षा बरा. पण त्यासाठी तीस किलोमीटर खांब रोवायचे की रात्रीच्या बस वाढवायच्या, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

आणि खांबावरचे, तुझ्यासाठी एक जागा सुचवतो. अजिंठा. फर्दापूरच्या टी-पॉइंटला गाड्या लावायच्या, तिथून लेण्यांपर्यंत चार किलोमीटर बस. हीथ्रोला पार्किंगपासून ३.८. माणसं दिवसभर थोडी थोडी येतात, शिफ्ट सुटल्यासारखी एकदम लोंढ्यानं नाही. तिथं तुझा डबा शोभेल.

खांबावरचा
म्हणजे पॉड चालतो हे कबूल केलंत तर.

एन-सातचा म्हातारा
पार्किंगपुरता. फार फुगू नकोस.

रूळतज्ज्ञ
अजिंठ्याच्या घाटीत खांब? पुरातत्त्ववाले पायाचा दगडसुद्धा ठेवू देतील का?

खांबावरचा
काकांनी सुचवलंय, त्यांना विचारा.

मुकुंदवाडीची
मला अजिंठ्याला जायचं नाहीये. मला मुकुंदवाडीला जायचंय.

तीन चाकं
ताई, साडेनऊला क्रांती चौकात पिवळ्या पट्टीची रिक्षा दिसली तर बसा. मागं तीनच घेईन. चौथ्याचे पैसे या काकांकडून वसूल करतो.

परळीची गाडी
आन परळीचं?